ध्वनिमापनाचा इतिहास: प्रयोगशाळेतून खिशातल्या फोनपर्यंत



बेंगळुरूच्या यशवंतपूर भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक महोत्सवाच्या संध्याकाळी साउंड चेक चालू होता. मिक्सरपाशी तीन विद्यार्थी आपापला फोन हातात धरून उभे होते. एकाचे ॲप ८८ डेसिबल दाखवत होते, दुसऱ्याचे ९४. तिसऱ्या फोनचा आकडा साउंडवाल्याने आवाज वाढवला तरी जागचा हलेना. "सर, यातला खरा कोणता?" त्यांनी विचारले. हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

डेसिबल हे एकक मुळात आवाजासाठी घडवलेलेच नव्हते. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांना लांब तारेतून जाताना टेलिफोनचा संदेश किती क्षीण होतो हे मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी गुणोत्तरावर आधारलेले एक एकक बनवले आणि पुढे ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हटले. गुणोत्तर म्हटले की कशाशी तुलना हे सांगावेच लागते. हवेतल्या आवाजासाठी तो संदर्भ आहे २० मायक्रोपास्कल दाब, म्हणजे साधारणपणे निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. हा संदर्भ उपकरणात कुणीतरी नेमका बसवलेला नसेल, तर पडद्यावरच्या आकड्यापुढे 'डेसिबल' लिहिण्यात फारसा अर्थ उरत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

१९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाचा कान सर्व वारंवारतांना सारखा दाद देत नाही हे मोजून दाखवले. त्याच दशकात मीटरमध्ये 'ए' नावाची भारित श्रेणी आली. या श्रेणीत १००० हर्ट्झचा आवाज जसाच्या तसा धरला जातो, पण १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल आणि ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. ही श्रेणी मुळात हळू आवाजासाठी होती. आज मात्र कायदे, नियम आणि बहुतेक ॲप तीच वापरतात. डीजेच्या भिंतीसमोर छाती हादरत असताना फोनवरचा आकडा मवाळ का वाटतो, त्याचे निम्मे कारण इथे आहे. ॲपमध्ये 'सी' श्रेणी असेल तर ती लावून पाहा. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर बास किती चढला आहे ते कळेल.

गंमत अशी की याच सुमारास यशवंतपूर स्थानकापासून जवळच, भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३३ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले आणि १९३४ मध्ये त्यांनी भारतीय तालवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू पसरून ती कुठे स्थिर राहते याची त्यांनी छायाचित्रे घेतली आणि मधल्या शाईमुळे पुडीचे स्वर सुरेल गुणोत्तरात कसे बसतात हे दाखवले. या कामात डेसिबलची गरजच नव्हती, कारण प्रश्न परस्पर प्रमाणाचा होता. साधे साधनही योग्य प्रश्नाला उत्तम उत्तर देते. फोनकडे पाहताना हे लक्षात ठेवा.

रंगमंचाच्या कामात मापन उशिरा शिरले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सभागृहात सर्व वारंवारता असलेला खळखळाट सोडून, प्रत्येक पट्टा पाहून इक्वलायझर लावण्याची पद्धत अमेरिकेत रूढ होऊ लागली. १९६७ मध्ये रिचर्ड हेझर यांनी स्पीकरमधून थेट येणारा आवाज आणि भिंतीवरून परतणारा आवाज मापनात वेगळे करण्याची रीत मांडली. १९८४ मध्ये जॉन मायर यांच्या कंपनीने आणखी पुढचे पाऊल टाकले: मिक्सरमधून बाहेर जाणारा संकेत आणि श्रोत्यांमधल्या मायक्रोफोनला मिळणारा आवाज यांची तुलना करायची, म्हणजे वेगळा खळखळाट नको, कार्यक्रमाचे संगीतच चाचणीचे काम करते. ती यंत्रणा महाग होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यात 'स्मार्ट' नावाचे सॉफ्टवेअर आले आणि हेच काम लॅपटॉप, साउंड कार्ड आणि मापनाचा एक मायक्रोफोन एवढ्यावर होऊ लागले.

जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले आणि थोड्याच काळात वर्णपट दाखवणारी ॲप खिशात आली. अडचण मायक्रोफोनची होती. तो बोलण्यासाठी बसवलेला असतो; खालच्या वारंवारता मुद्दाम गाळल्या जातात, आणि अनेक फोन मोठा आवाज आपोआप दाबतात. २०१२ च्या आयओएस ६ पासून ॲपला ही गाळणी बंद करता येऊ लागली. अँड्रॉइडवर उत्पादक अनेक, मायक्रोफोन अनेक, त्यामुळे एकच ॲप दोन फोनवर दोन आकडे देते.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेतले कार्दूस आणि शॉ यांनी अशा ॲपची प्रयोगशाळेत कसून परीक्षा घेतली. आयफोनवरची फक्त चार ॲप संदर्भ मीटरच्या सरासरी २ डेसिबलच्या आत आली. पुढे बाहेरून कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन जोडल्यावर अचूकता आणखी वाढते हेही त्यांनी दाखवले, आणि २०१७ मध्ये संस्थेने स्वतःचे मोफत ॲप आयफोनसाठी दिले. पण २०१४ ची चाचणी ६५ ते ९५ डेसिबलच्या दरम्यान झाली होती. आपल्याकडचा कार्यक्रम रंगात येतो तो ९५ च्या पुढेच! मोठ्या आवाजाला फोनचा मायक्रोफोन भरून जातो आणि आकडा अडकतो. आमच्या तिसऱ्या फोनचे तेच झाले होते.

आता या आकड्यांवर काय अवलंबून असते ते पाहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. व्यापारी भागाची दिवसाची मर्यादा ६५ आहे, निवासी भागाची ५५. (शिक्षणसंस्थांभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, हे महोत्सव समितीच्या सहसा गावी नसते.) केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सात शहरांत ७० कायमची ध्वनिमापन केंद्रे बसवली, त्यांत यशवंतपूरही आहे. पुण्यात तर हे काम विद्यार्थीच करतात. गणेश विसर्जनाच्या वेळी सीओईपीचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या दहा चौकांत मीटर घेऊन ठरावीक वेळी नोंदी घेतात, आणि वर्षानुवर्षे त्याच चौकांत घेतात. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांची सरासरी १०० डेसिबलच्या वर होती. जागा, वेळ आणि रीत कायम ठेवल्यामुळेच त्या आकड्यांची तुलना करता येते.

दुसरी गोष्ट कानाची. नायॉशच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. फोन ६ डेसिबल कमी दाखवत असेल तर मिक्सरवरचा मुलगा आपल्याला तासभर मुभा आहे असे समजून बसेल.

त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेतला मीटर आणि कॅलिब्रेटर मागवला. कॅलिब्रेटर म्हणजे मायक्रोफोनवर बसणारी एक छोटी डबी. ती १००० हर्ट्झला बरोबर ९४ डेसिबल, म्हणजे १ पास्कल दाब देते. आधी मीटर त्यावर तपासला, मग मिक्सरपाशी मापन केले. आकडा आला १००. ज्याच्या फोनवर ९४ होते तो मुलगा दोन तास तिथे बसणार होता.

तिसरा फोन बाजूला ठेवून बाकीच्या दोघांना मी मग एक काम दिले. फोन मीटरशेजारी धरा, आवाज कमी-जास्त करून पाच ठिकाणी दोघांतला फरक वहीत लिहा, फोनचे मॉडेल, ॲपचे नाव आणि श्रेणी लिहा, कव्हर काढून ठेवा. ९४ वाल्या फोनचा फरक ९० पर्यंत जवळजवळ स्थिर निघाला, पुढे वाढत गेला. त्याच वहीच्या आधारे रात्री त्या फोनवर, आवाज ९० च्या पुष्कळ खाली असलेल्या कुंपणापाशी, दर अर्ध्या तासाने नोंदी घेतल्या, आणि मुख्य स्पीकरचा आवाज दोनदा खाली आणावा लागला. मिक्सरवर मुले पाळीपाळीने बसली, कानात बोळे घालून.