दुखणं पायांचं की मनाचं?

वरणगावात वाढलेल्या माझ्यासारख्यांना एचआयव्ही म्हणजे लाल रिबिनीचं चित्र, एवढंच माहीत होतं. त्यातल्या दुखण्याचा इतिहास मला संशोधनात भेटला.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली आणि माणसं जगू लागली. पण सुरुवातीच्या त्या गोळ्यांमध्ये स्टॅव्ह्युडीन असायचं. औषध स्वस्त आणि गुणकारी, पण नसांना इजा करणारं. तळपायांची आग, मुंग्या, ठणका. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. औषध थांबलं, तरी काहींचं दुखणं राहिलंच. शिवाय विषाणूही नसांना इजा करतो.

मग यात मन कुठे आलं? मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की मेंदूकडून येणारे संदेशही वेदना कमी-जास्त करतात. भीती, नैराश्य, मोडलेली झोप यांनी ठणका वाढतो. त्यात लपवाछपवी. घरात ‘पाय दुखतात’ म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो, ‘कशानं?’ म्हणून माणूस गप्प बसतो. दुखणं आणि एकटेपणा एकमेकांना खतपाणी घालतात.

म्हणजे ‘मानसिक बाजू’ याचा अर्थ ‘मनाचे खेळ’ नव्हे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या व्याख्येसोबत स्पष्टच नोंदवलंय: माणूस दुखतंय म्हणतो, त्याचा मान राखा.

तुम्ही प्रश्नावली घेऊन जाल, तेव्हा आकडा नंतर विचारा. आधी ‘आग’ की ‘कळ’, ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.