दुरुस्तीतून जन्मलेले कारखाने: मिरजेचा तंबोरा आणि विजेची गिटार

आजचा विषय पाहून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला तो म्हातारा विजेच्या गिटारवर काय बोलणार? खरं सांगायचं तर आम्हाला गिटार वाजवता येत नाही. पण ज्याच्या नावाची गिटार आज जगभर वाजते त्या लिओ फेंडरलाही ती वाजवता येत नव्हती. तेव्हा तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

फेंडरचा जन्म 1909 सालचा, कॅलिफोर्नियातला. शिकला हिशेबनिशी. मंदीच्या काळात नोकऱ्या गेल्या आणि 1938 च्या सुमारास त्याने फुलर्टन नावाच्या गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातले वादक बिघडलेले अॅम्प्लिफायर घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. त्यांच्याबरोबर तक्रारीही आल्या. पोकळ पेटीची गिटार अॅम्प्लिफायरसमोर धरली की शीळ घालते, मान वाकली की सगळं वाद्यच टाकून द्यावं लागतं, अशा. विजेची गिटार त्याच्या आधीची आहे. रिकेनबॅकरची तव्यासारखी दिसणारी गिटार 1932 साली बाजारात आली होती. फेंडरने 1950 साली काय केलं, तर पोकळ पेटीच काढून टाकली. लाकडाचं एक भरीव पाट घेतलं आणि मान त्याला चार स्क्रूंनी बसवली. मान बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. जुन्या गिटारकारांना हे सुतारकाम वाटलं. पण दुरुस्ती करून करून ज्याचे हात तयार झाले आहेत, तोच माणूस वाद्य बनवायच्या आधी ते उघडायचं कसं याचा विचार करतो. पुढच्याच वर्षी त्याने विजेचा बास आणला, कारण उभा अवजड बास वाहून नेणं जिकिरीचं आणि ढोलांच्या गलक्यात त्याचा आवाजही पोचेना. 1954 च्या गिटारला कडा गोलाई देऊन घासलेल्या आहेत, तेही एका तक्रारीमुळेच: आधीच्या गिटारची कड बरगडीत टोचते, असं वादक म्हणत होते.

या गिटारचा आवाज कुठून येतो? आमच्या सोनईतल्या कुणालाही हे सांगायला अवघड नाही. विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती भरायला देतो. रिवायंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून भरणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. गिटारच्या तारांखाली असतं ते त्याच जातीचं काम. लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत क्षीण वीज उठते आणि ती वाढवून कर्ण्यातून ऐकवायची. फरक इतकाच की मोटारीचे वेढे कुणी कानाने तपासत नाही. गिटारचे तपासतात. हाताने तार भरणारे छोटे कारखानदार दोन-चारशे वेढे कमी-जास्त करून आवाज तिखट की गोड ते ठरवतात.

आता मिरज. आपल्याकडे तारांच्या वाद्यांचा कारखाना म्हटलं की दुसरं गाव डोळ्यांसमोर येत नाही. मिरजेच्या कारागीर घराण्यांत चालत आलेली हकिकत अशी, की त्यांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले यांना धार लावणारे, हत्यारांची डागडुजी करणारे. पेशवाई बुडाली, संस्थानांची सैन्यं शोभेपुरती राहिली, आणि धार लावायला हत्यारच उरलं नाही. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांची ये-जा होती. त्यांची वाद्यं मोडत, तारा तुटत, आणि नेमका हात कुणाचा, तर धातू आणि लाकूड दोन्ही जाणणाऱ्या शिकलगाराचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या कारागिराने दुरुस्ती करता करता सतार, तंबोरे घडवायला सुरुवात केली असं मानतात. पुढे आडनावच सतारमेकर झालं. सतारमेकर गल्ली तिथे आजही आहे.

इथे थोडं थांबू या. एक रेडिओ दुरुस्त करणारा, एक तलवारी दुरुस्त करणारा. दोघांकडे वादक आले ते नवं वाद्य घ्यायला नव्हेत, बिघडलेलं दाखवायला. आमचं म्हणणं असं आहे की छोट्या वाद्यकारखान्याचा इतिहास या दुरुस्तीच्या बाकापासून लिहायला हवा. विक्रीच्या दुकानात गिऱ्हाईक एकदा येतं. दुरुस्तीच्या बाकाशी ते पुन्हा पुन्हा येतं, तासभर बसतं, वाजवून दाखवतं, नाक मुरडतं. त्या नाक मुरडण्यातून कारागीर शिकतो.

मिरजेला हे नाक मुरडणारेही थोर मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तिथेच शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब येऊन राहिले. 1937 साली ते गेले, पण मिरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं अजून होतं. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करत, तंबोरा जुळवण्याबद्दल त्यांचा कान प्रसिद्ध होता. अशा माणसाच्या गावात तंबोरा घडवायचा म्हणजे रोज परीक्षा! शिवाय मिरज हे रेल्वेचं मोठं जंक्शन. पुणे-मुंबईचा गवई असो की धारवाड-हुबळीचा, वाट तिथूनच.

तंबोऱ्याची सुरुवात मात्र शेतात होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी यासाठी मोठा कडू भोपळा पिकवतात. तो वाळवायचा, कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आत आधार देऊन आकारात आणायचा आणि पुन्हा वाळवायचा. दांडी तुणीच्या लाकडाची. ते लाकूडही मुरलेलं हवं, नाहीतर दोन उन्हाळ्यांत दांडी वाकते. म्हणजे कारागिराचा पैसा आधी कोपऱ्यात वाळत पडलेला असतो. भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबकडी बसते, तिच्यावर घोडी. ही घोडी पूर्वी हस्तिदंताची, सांबरशिंगाची असे. कायद्याने ते थांबलं, आता हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

आणि मग जवारी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी अंधुक उतार असतो. तार त्यावरून जाताना हलकेच घासते, आणि त्या घासण्यातून एका स्वरात लपलेले बाकीचे स्वर उमलतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा धरायची. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा कानस. मोजमाप काही नाही. आम्ही एकदा असे जवळजवळ दोन तास बसून होतो आणि कानस कधी थांबवायची हे त्याला कसं कळतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गंमत अशी की जवारी टिकत नाही. वाजवता वाजवता तारा घोडीत चरे पाडतात आणि आवाज बसतो. मग पुन्हा मिरज. तंबोरा हे वाद्यच असं आहे की ज्याला दुरुस्तीवाचून आयुष्य नाही.

मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल विचारलेला प्रश्न आम्ही वर्गात कितीदा शिकवला: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? वर्गात तो कोडं वाटतो. सतारमेकर गल्लीत रोजचा व्यवहार आहे. तारा बदलल्या, खुंट्या बदलल्या, घोडी दोनदा बदलली, तबकडी नवी, आणि मालक म्हणतो, आजोबांचा तंबोरा आहे. कारागीरही तेच म्हणतो.

विजेचं तंतुवाद्य आपल्याकडे घडलंच नाही, असं मात्र समजू नका. लग्नाच्या वरातीत आपण ज्याच्यापुढे नाचतो तो बेंजो घ्या. मूळ जपानचं वाद्य, 1912 साली नागोया शहरात जन्मलेलं, टाइपरायटरसारख्या कळांचं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप बसवून, गाडीवर कर्णे चढवून बेंजो पार्टी उभी राहिली. पोटभर गोंगाट आहे, मान्य. आम्हाला तो रात्री अकरानंतर मुळीच आवडत नाही. पण फेंडरने जे केलं तेच इथल्या मुलांनी गरजेपोटी केलं आहे, आणि वाद्यांच्या इतिहासात त्यांना कुणी ओळही देत नाही.

फेंडरचं पुढे काय झालं? जानेवारी 1965 मध्ये त्याने कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. उत्पादन वाढलं आणि थोड्याच वर्षांत वादक कुरकुरू लागले, आधीची गिटार ती वेगळीच! विकण्यापूर्वीच्या गिटारींना आज सोन्याचा भाव आहे. आणि नवे छोटे कारखाने उभे राहिले ते पुन्हा कुठून? शेक्टर हे आज मोठं नाव आहे. 1976 साली ते दुरुस्तीचं दुकान होतं, सुटे भाग बनवणारं. मान चार स्क्रूंनी निघते म्हटल्यावर ती दुसरा कुणीही बनवू शकतो, हे फेंडरने नकळत करून ठेवलं होतं.

मिरजेची गोष्ट इतकी सरळ नाही. 1979 साली बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. छोटी पेटी, पट्टी फिरवा, सूर सुरू. आता तर मोबाइलमध्ये फुकट मिळतो. त्याला तुच्छ लेखू नये. खेड्यात, भाड्याच्या खोलीत गाणं शिकणाऱ्या हजारो मुलांना त्याने सूर दिला. पण त्याची जवारी बसत नाही. मोबाइलमधला तंबोरा घेऊन कुणी कुणाच्या बाकाशी जाऊन बसत नाही. विक्री कमी होणं एक वेळ सोसता येतं. तक्रार घेऊन येणारा गवई यायचा बंद झाला, तर पुढच्या पिढीचा कारागीर कान कुणाकडून घेणार? 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. त्याने नावाची नक्कल थांबेल. गिऱ्हाईक परत येईल का, हे त्याच्या हातात नाही.

आम्ही हे सांगतो आहोत ते साव म्हणून नव्हे. आमच्या घरी वडिलांचा मिरजेचा तंबोरा. आम्ही गाणारे नव्हेत, पण सकाळी षड्ज लावून बसायची सवय होती. पेटी घेतली आणि तंबोरा कोपऱ्यात गेला. दहाबारा वर्षं गवसणीत. एका उन्हाळ्यात धाकट्या नातीने गवसणी काढली तर भोपळ्याला वीतभर तडा. तारा ताणलेल्याच ठेवल्या होत्या आम्ही, इतकी अक्कल!

मिरजेला नेला. कारागीर आमच्यापेक्षा बराच लहान. त्याने तडा पाहिलाच नाही आधी. तारेवर बोट फिरवलं, कान लावला, आणि विचारलं, "सर, किती वर्षं वाजवला नाही?" आम्ही आकडा थोडा कमी करून सांगितला. तो हसला. म्हणाला, तडा बुजवता येईल, जवारी काढून देतो, पण आवाज लगेच मोकळा होणार नाही, रोज वाजवावा लागेल, आणि सहा महिन्यांनी पुन्हा आणा.

तो तंबोरा आता आमच्या शेजारी ठेवलेला आहे. तड्याची रेघ दिसते, कॅमेऱ्यात येते का बघा. सहा महिने येत्या कार्तिकात पुरे होतील. आता कुणाचे काही प्रश्न असतील तर घेऊ.