कोलोरॅडो भुंगेरा : नाम आणि मूलस्थान

एखाद्या जीवास लाभलेले स्थलवाचक नाव हाच त्याच्या मूलस्थानाचा पुरावा होय, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती इतिहासलेखनात अनेकदा आढळते. बटाट्याचा शत्रू म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडो भुंगेऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ टॉमस से याने १८२४ मध्ये या पानभुंगेऱ्याचे वर्णन केले आणि त्याच्या पिवळसर पाठीवरील दहा काळ्या रेषांवरून त्यास ‘डेसेमलिनिएटा’, म्हणजे ‘दशरेषांकित’, असे जातिनाम दिले. या नावात स्थळाचा निर्देश नव्हता, बटाट्याचाही नव्हता. त्या काळी हा कीटक रॉकी पर्वतालगतच्या मैदानी प्रदेशात सोलॅनम रोस्ट्राटम या पिवळ्या फुलांच्या काटेरी रानवनस्पतीच्या पानांवर उपजीविका करीत असे.

बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा. सोळाव्या शतकात तो स्पॅनिशांच्या द्वारे युरोपात गेला आणि पुढे युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर उत्तर अमेरिकेत आला. वसाहती पश्चिमेकडे सरकत गेल्या तसतशी बटाट्याची शेते त्या रानवनस्पतीच्या प्रदेशास जाऊन भिडली. दोन्ही वनस्पती वांग्याच्याच प्रजातीतील. १८५९ च्या सुमारास नेब्रास्कातील ओमाहा परिसरात भुंगेऱ्याने बटाट्याचे पीक फस्त करण्यास प्रारंभ केला. तेथून शेतामागून शेत ओलांडीत १८७४ पर्यंत तो अटलांटिक किनाऱ्यावर पोहोचला.

मग या नावात कोलोरॅडो आला कोठून? १८६५ मध्ये बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने, आपल्या सहकाऱ्यांना कोलोरॅडोत हे भुंगेरे त्या रानवनस्पतीवर विपुल आढळल्याचे नमूद करून, तोच त्यांचा मूळ प्रदेश मानला. लवकरच ते नाव रूढ झाले. वस्तुतः बटाट्याशी या कीटकाचा संबंध कोलोरॅडोत जडलाच नव्हता; आणि त्याच्या निकटच्या जाती मुख्यतः मेक्सिकोत आढळत असल्याने त्याचे मूळ तेथेच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

१८७५ पासून जर्मनी, फ्रान्स इत्यादी देशांनी अमेरिकन बटाट्याच्या आयातीस बंदी घातली. तथापि १९२२ मध्ये बोर्दोनजीक हा भुंगेरा स्थिरावल्याचे आढळून आले आणि तेथून तो पूर्वेकडे पसरत गेला. १९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या शासनाने अमेरिकन विमानांनीच हे कीटक टाकल्याचा आरोप केला आणि ‘आमीकेफर’, म्हणजे ‘अमेरिकनांचा भुंगेरा’, ही संज्ञा प्रचारात आणली. या आरोपास पुरावा मिळाला नाही. ज्या प्राण्याच्या नावातच अमेरिकेचा प्रांत होता, त्याच्यावर असे नवे नाव चढविणे अवघड नव्हते.

‘दशरेषांकित’ हे नाव निरीक्षणाचे, ‘कोलोरॅडो’ हे अनुमानाचे, तर ‘आमीकेफर’ हे अभियोगाचे. कीटक मात्र तोच राहिला. तात्पर्य, नाम हे नामकरण करणाऱ्याच्या काळाचे व हेतूचे साधन म्हणून वाचावयाचे असते. मूलस्थानाचा शोध घेताना या भुंगेऱ्याच्या नावापेक्षा त्याचे खाद्य झालेले पानच अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरते.