मृतांचा आयोग आणि जिवंत राहिलेली साक्षीदार

फेब्रुवारी १९९१, सांतियागो. ऐंशी ओलांडलेले विधिज्ञ राऊल रेत्तिग यांनी आपल्या आयोगाचा अहवाल चिलीचे राष्ट्राध्यक्ष पात्रिसिओ एल्विन यांच्या हाती सोपवला. जनरल पिनोचे यांच्या साडेसोळा वर्षांच्या लष्करी राजवटीत मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या २,२७९ जणांची नोंद त्यात होती. ४ मार्च रोजी एल्विन यांनी दूरचित्रवाणीवरून मृतांच्या कुटुंबीयांची राज्यसंस्थेच्या वतीने क्षमा मागितली. बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला.

त्याच महिन्यात त्याच शहरात एका लहानशा रंगमंचावर तीन पात्रांचे एक नाटक सुरू झाले. त्यातील नायिकेने छळ भोगला होता, पण ती मेली नव्हती. तिची अडचण नेमकी हीच होती.

नाटककार होते आरिएल दोर्फमान. १९७३च्या लष्करी उठावापूर्वी ते अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारात सांस्कृतिक सल्लागार होते. उठावानंतरची बरीच वर्षे त्यांनी परदेशात काढली. नाटकाचे नाव ‘डेथ अँड द मेडन’. सांतियागोत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनमध्ये मात्र ते गाजले, पुढे ब्रॉडवेवर गेले आणि १९९४मध्ये रोमन पोलान्स्की यांनी त्यावर चित्रपट काढला. सिगर्नी वीव्हर, बेन किंग्जली आणि स्टुअर्ट विल्सन हे तिघेच जवळजवळ संपूर्ण चित्रपट पेलतात.

कथा एका रात्रीची. दक्षिण अमेरिकेतील एक अनाम देश. हुकूमशाही नुकतीच सरलेली. वकील हेरार्दो वादळात गाडी बंद पडून अडकतो आणि एक भला डॉक्टर त्याला घरी आणून सोडतो. आतल्या खोलीतून हेरार्दोची पत्नी पाउलिना त्या पाहुण्याचा आवाज ऐकते आणि जागच्या जागी थिजते. अनेक वर्षांपूर्वी कैदेत, डोळ्यांवर पट्टी बांधलेली असताना, याच आवाजाच्या माणसाने शुबर्टची सुरावट लावून तिच्यावर वारंवार बलात्कार केला होता, अशी तिची खात्री पटते. ती डॉक्टरला खुर्चीला बांधते, हाती पिस्तूल घेते आणि घरातच खटला चालवते. आरोपीचा वकील कोण? तिचाच नवरा.

वरवर पाहता ही सूडकथा आहे. परंतु हेरार्दोला नव्या सरकारने कोणत्या कामी नेमले आहे, हे लक्षात घेतले की तिचा रोख बदलतो. त्याला हुकूमशाहीतील अत्याचारांची चौकशी करायची आहे. मात्र केवळ मृत्यूत परिणत झालेल्या प्रकरणांची. म्हणजे स्वतःच्या पत्नीची साक्ष तो नोंदवू शकत नाही.

ही दोर्फमान यांची कल्पना नव्हे. एप्रिल १९९०मध्ये स्थापन झालेल्या रेत्तिग आयोगाची कार्यकक्षा तशीच आखलेली होती: बेपत्ता झालेले, ठार केलेले, छळामुळे मेलेले. छळ सोसून जिवंत राहिलेल्या हजारोंना या नोंदीत जागा नव्हती. गुन्हेगारांची नावे जाहीर करण्याचा अधिकारही आयोगाला नव्हता. १९७८च्या माफीच्या फर्मानाने उठावानंतरच्या पहिल्या साडेचार वर्षांतील बहुतेक गुन्हे आधीच पोटात घातले होते. शिवाय पिनोचे यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले तरी लष्कराचे सरसेनापतिपद मार्च १९९८पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. ‘शक्य असेल तितका न्याय’ हे एल्विन यांचे धोरण होते. त्याला भेकडपणा म्हणणे सोपे आहे. बराकीतील रणगाडे मात्र खरे होते. पण त्या ‘शक्य’च्या हद्दीबाहेर कोण राहिले, हे विचारणेही तितकेच आवश्यक होते, आणि ते एका नाटकाने विचारले.

डोळ्यांवरची पट्टी आणि संगीत हे तपशील अनेकांना नाट्यमय अतिशयोक्ती वाटतात. सांतियागोच्या माकुल भागातील इरान रस्त्यावर एक साधे दुमजली घर होते. १९७४-७५मध्ये ‘दीना’ या गुप्त पोलीस यंत्रणेने ते कैदखाना म्हणून वापरले. तेथे सतत मोठ्या आवाजात संगीत चाले, कैद्यांचे डोळे बांधलेले असत आणि लैंगिक छळ ही तिथली ठरलेली पद्धत होती. ‘वेंदा सेक्सी’ या नावाने ते घर कुप्रसिद्ध आहे. ‘वेंदा’ म्हणजे पट्टी. वाचलेल्यांकडे छळ करणाऱ्यांचा चेहरा नव्हता. आवाज, वास आणि पावलांचा नाद एवढीच खूण होती.

चित्रपटाची खरी ताकद इथेच आहे. आवाजाची आठवण पुरावा ठरते काय? डॉक्टर म्हणतो, त्या काळात आपण बार्सिलोनात होतो. दूरध्वनीवर तशी पुष्टीही मिळते. पाउलिना म्हणते, अशी साक्ष आधीच रचून ठेवलेली असते. पडद्यावर शेवटी कड्याच्या टोकावर डॉक्टर कबुली देतो आणि ती त्याला सोडून देते. नाटकाने प्रेक्षकाला अधिक संशयात ठेवले होते, आणि ते जास्त प्रामाणिक होते. आणखी एक विसंगती नजरेआड करता येत नाही: ही कथा पडद्यावर आणणारे पोलान्स्की स्वतः अल्पवयीन मुलीशी बेकायदा लैंगिक संबंध ठेवल्याची कबुली देऊन, शिक्षा होण्यापूर्वी १९७८मध्ये अमेरिकेतून पळाले होते.

जिवंत राहिलेल्यांची पाळी यायला २००३ साल उजाडावे लागले. बिशप सेर्हिओ वालेच यांच्या आयोगाने २००४च्या अहवालात सत्तावीस हजारांहून अधिक जणांना राजकीय कैद व छळाचे बळी म्हणून मान्यता दिली. त्यांच्यात ३,३९९ स्त्रिया होत्या. लैंगिक हिंसेविषयी आयोगाने थेट प्रश्न विचारलाच नव्हता, तरीही जवळजवळ सर्व स्त्रियांनी तिचा उल्लेख केला आणि ३१६ जणींनी बलात्कार झाल्याचे सांगितले.

या साक्षी कायद्याने पन्नास वर्षांसाठी गोपनीय ठरवल्या गेल्या. साक्षीदारांच्या खासगीपणासाठी, असे कारण देण्यात आले. त्यामुळे छळ करणाऱ्यांची नावेही त्याच कुलपाआड गेली, ही तक्रार वाचलेल्यांपैकी अनेकांनी वारंवार केली आहे.

इरान रस्त्यावरच्या त्या घरातील काही स्त्रियांनी मात्र न्यायालयाची पायरी सोडली नाही. २०२०मध्ये सांतियागोतील एका न्यायाधीशांनी ‘दीना’च्या तीन माजी हस्तकांना दोषी ठरवले आणि निकालपत्रात लैंगिक हिंसेची स्पष्ट नोंद केली. अत्याचार घडून तेव्हा पंचेचाळीस वर्षे उलटली होती.