उभी गाडी का तापते? एअर-कूल्ड मोटरसायकलचा सव्वाशे वर्षांचा प्रश्न



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेजचा प्रश्न कसा आला? पण हा प्रश्न दुचाकी चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला आहे. "गाडी पळताना ठीक असते हो, पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन भट्टीसारखं तापतं. काय बिघडलंय?" यावर एक मेकॅनिक म्हणतो ऑइल बदला, दुसरा म्हणतो टॅपेट बघू, तिसरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरला हात घालतो. तिघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात. पण आधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो इतिहासाचा आहे: हे इंजिन उभं राहण्यासाठी बनवलं होतं का?

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं. मोटरसायकलचं इंजिन वाऱ्याच्या भरवशावर जन्माला आलं. उभ्या गाडीला वारा नसतो. त्यामुळे उभ्या गाडीचं तापणं हा आधी रचनेचा स्वभाव आहे आणि मग बिघाड. स्वभाव कुठे संपतो आणि बिघाड कुठे सुरू होतो, हे ज्याला कळतं तो खरा मेकॅनिक.

थोडा हिशेब करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. समजा, उभ्या उभ्या चालू असलेलं एखादं इंजिन तासाला २०० मिलिलिटर पेट्रोल पितं. म्हणजे सुमारे १८०० वॉट झाले, घरच्या गीझरच्या कॉइलइतके. गाडी पळत असते तेव्हा ऊर्जेचा पाव हिस्सा किंवा थोडा जास्त चाकापर्यंत पोहोचतो. उभी असते तेव्हा चाकाला काहीच मिळत नाही. जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन काही सायलेन्सरवाटे आणि बाकीची इंजिनच्या धातूतून बाहेर पडते. पायाशी गीझर चालू आहे आणि वारा बंद आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

आता मागे जाऊ. १८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीच्या दुचाकीवर २६४ सीसीचं इंजिन बसवलं. त्याची ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती. इतक्या कमी ताकदीला थंड ठेवणं ही मोठी अडचण नव्हती. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी पहिली मोटरसायकल बनवली. तिचं इंजिन जवळजवळ दीड लिटरचं, आणि ते पाण्याने थंड होत असे. ते पाणी साठवायचं कुठे? मागच्या चाकावरच्या मडगार्डमध्ये! कल्पना हुशार होती, पण गाडी जड झाली. त्याच सुमारास फ्रान्सच्या द दियों-बुतों कंपनीने वेगाने फिरणारं, हलकं, सिलिंडरभोवती धातूच्या पातळ चकत्या असलेलं इंजिन आणलं. या चकत्यांना आज आपण फिन्स म्हणतो. धातूचा पृष्ठभाग वाढवायचा आणि त्यावरून वारा जाऊ द्यायचा, एवढीच युक्ती. पाणी नको, पंप नको, गळती नको. पुढची कित्येक दशकं बहुतेक मोटरसायकलींनी हाच मार्ग धरला.

या मार्गाची किंमत मात्र लवकरच कळली. वारा समोरून येतो, म्हणून इंजिन कुठे आणि कसं बसवलंय याला महत्त्व आलं. पहिल्या महायुद्धानंतर बीएमडब्ल्यूने समोरासमोर दोन सिलिंडर असलेलं एक इंजिन बनवलं. काही गाड्यांमध्ये ते लांबीच्या दिशेने बसवलं गेलं, एक सिलिंडर पुढे आणि एक मागे. मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला राहून तापायचा. माक्स फ्रित्स या अभियंत्याने १९२३ च्या आर ३२ या गाडीत इंजिन आडवं बसवलं, दोन्ही सिलिंडर दोन बाजूंना वाऱ्यात काढले, आणि ती रचना बीएमडब्ल्यूची ओळख झाली. हार्ली-डेव्हिडसनच्या व्ही आकाराच्या इंजिनात मागचा सिलिंडर आजही आडोशालाच असतो. या शतकात त्यांनी काही गाड्यांवर उपाय असा केला की उभ्या गाडीचं इंजिन फार तापलं, की मागच्या सिलिंडरचं इंधन आपोआप बंद होतं. शंभर वर्षं उलटली, तरी प्रश्न तोच.

आता आपल्याकडे येऊ. १९४६ साली इटलीत पियाज्योने वेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा विमानांचा माणूस. त्याने इंजिन मागच्या चाकाशेजारी, बाजूच्या फुगीर पत्र्याखाली झाकून टाकलं. कपडे खराब होत नाहीत, पण वाराही लागत नाही. म्हणून त्याने फ्लायव्हीललाच पंख्याची पाती दिली आणि सिलिंडरवर पत्र्याचं कव्हर घातलं, म्हणजे पंख्याची हवा फिन्समधूनच जाईल. इंजिन फिरतंय तोवर वारा आहे, गाडी पळो वा उभी राहो. बजाजने पियाज्योच्या परवान्यावर भारतात स्कूटर बनवायला सुरुवात केली, १९७२ मध्ये चेतक आली, आणि हीच पंख्याची रचना आपल्या घराघरात पोहोचली. बजाजच्या रिक्षालाही तसाच पंखा. स्टँडवर आणि सिग्नलवर तासन्‌तास चालू राहणाऱ्या वाहनाला हे फार सोयीचं होतं.

इथे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. अशा इंजिनाचं पत्र्याचं कव्हर काढलं तर "मोकळी हवा लागेल" असं वाटतं. प्रत्यक्षात हवा फिन्समधून न जाता बाजूने पळते आणि इंजिन जास्त तापतं. कव्हर हा झाकण्याचा पत्रा नाही, तो हवेचा पाट आहे. पाटाला भगदाड पडलं की पाणी शेतात पोहोचत नाही.

मोटरसायकल मात्र उघडीच राहिली. १९५५ पासून मद्रासला बुलेटचा कारखाना सुरू झाला. या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं, पण सिलिंडर ओतीव लोखंडाचा, आणि तो पुढे अनेक दशकं तसाच राहिला. अॅल्युमिनियमचे मिश्रधातू लोखंडाच्या सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतात. पहिल्या महायुद्धात विमानाच्या इंजिनांसाठी इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे गिब्सन आणि हेरॉन यांनी हे पद्धतशीर तपासलं होतं. ज्ञान होतं, पण लोखंड स्वस्त आणि टिकाऊ. शिवाय त्या काळी रस्ते मोकळे होते. ज्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर धकधक करत जायचं, तिला आज आपण पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा मुंबईच्या सायन सर्कलला अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये रेटतो. गाडी तीच आहे, शहर बदललं.

जुन्या गाड्यांबद्दल अजून एक. स्पार्क कधी पडावा हे त्या काळी चालकाच्या हातात असे. हँडलवर एक छोटी दांडी असायची. सुरू करताना स्पार्क उशिरा ठेवायचा, म्हणजे किक उलटी बसत नाही, आणि गाडी सुरू झाली की दांडी पुढे करायची. विसरलात तर? स्पार्क उशिरा पडला की पेट्रोल उशिरा जळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी ज्वाळा संपलेली नसते. ती सरळ हेडच्या वाटेत आणि बेंड पाइपमध्ये जाते. गाडी एका जागी उभी, आणि पाइप लाल. आज दांडी गेली, पण सरकलेला कॉइलचा पट्टा, झिजलेले पॉइंट किंवा बिघडलेलं सीडीआय हेच काम करतात. म्हणून टायमिंग तपासणं ही काही जुनाट सवय नाही.

आता या गोष्टीतलं सर्वांत नाजूक वळण. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पीयूसीची मर्यादा घातली गेली: दुचाकी-तिचाकींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. २००४ मध्ये नियम कडक झाला आणि २००० नंतरच्या दुचाकींसाठी तो आकडा ३.५ वर आला. लक्षात घ्या, ही तपासणी इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना होते. ज्या अवस्थेत इंजिनला वारा नाही, नेमकी तीच अवस्था कायद्याच्या नळीखाली आली.

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय? अर्धवट जळालेलं इंधन. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल, तर थोडं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं आणि थोडं अर्धवट जळून तशीच उष्णता घेऊन बाहेर जातं. म्हणून जास्त पेट्रोलवर चालणारं इंजिन तुलनेने थंड राहतं. पेट्रोल कमी केलं की धूर स्वच्छ होतो, मायलेज वाढतं. पण ते फार कमी झालं, तर मिश्रण हळूहळू जळतं आणि उशिराच्या स्पार्कसारखाच परिणाम होतो. हेड तापतं, पाइप निळा पडतो, गाडी सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो.

मग गॅरेजमध्ये काय होतं? गाडीवाला तक्रार करतो, मेकॅनिक एअर स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतो, गाडी थंड वाटते, गिऱ्हाईक खूश. पण ती उष्णता नाहीशी झालेली नसते. ती विषारी वायू बनून चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या, फुटपाथवरच्या भाजीवाल्या मावशींच्या आणि मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या छातीत जाते. आपला बिघाड आपण दुसऱ्याच्या नावावर करून टाकतो. म्हणून स्क्रूला हात शेवटी लावायचा.

मग आधी काय बघायचं? क्रम सांगतो. पहिलं, खरंच बिघाड आहे का? एअर-कूल्ड गाडी दहा मिनिटं उभी चालू ठेवली तर तापणारच. पण आधी असं होत नव्हतं आणि आता होतंय, तापल्यावर आयडल आपोआप वाढतो, रेस सोडली तरी आवाज पटकन खाली येत नाही, प्लग पांढराफटक निघतो, अशी लक्षणं असतील तर पुढे जा. दुसरं, आयडलचा वेग. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा तो जास्त असेल, तर पेट्रोल जास्त आणि उष्णता जास्त, साधा हिशेब. तिसरं, चोरून येणारी हवा. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला रबर चिरला असेल, तर तिथून हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं. पायलट जेट कचऱ्याने अडला तरी तेच होतं. चौथं, टायमिंग. पाचवं, टॅपेट. एक्झॉस्टचा गॅप कमी झाला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि बसल्याशिवाय तो आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही. सहावं, ऑइल किती आहे आणि कसं आहे. सातवं, फिन्समधला चिखल, किंवा हौसेने लावलेला जाड रंग. हे सगळं ठीक असेल, तरच मिश्रण, आणि तेही पीयूसीचं मीटर समोर ठेवून. आणि हो, तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं पाणी ओतू नका. धातू एका बाजूने अचानक आकसला तर तडा जाऊ शकतो.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं आणि कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. हवा-पेट्रोलचं प्रमाण आता सेन्सर आणि छोटा संगणक ठरवतो. मेकॅनिकचा स्क्रू गेला, पण रबर चिरणं, टॅपेट आवळणं, चिखल बसणं कुठेही गेलेलं नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांत पाणी परत आलं. मडगार्डमधून निघालेलं पाणी रेडिएटरमध्ये पोहोचलं. पण रेडिएटरलाही वारा लागतोच, म्हणून त्यामागे विजेचा पंखा आहे आणि तो सिग्नलवर घोंघावताना ऐकू येतो. गाडीत बिघाड झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. दास्कानियोचाच विचार तो, फक्त वायर जोडलेला.

आणि सर्वांत साधा उपाय? २०१४ मध्ये हिरोने स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये अशी सोय दिली, की न्यूट्रलला काही सेकंद उभी राहिली की गाडी आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की सुरू होते. फिन्स, पंखा, पाणी, संगणक, एवढा प्रवास करून आपण पोहोचलो कुठे, तर जिथे चाक फिरत नाही तिथे इंजिनही फिरवायचं नाही. हे करायला नवी गाडी लागत नाही. लाल दिव्याशेजारचे आकडे साठवर असतील, तर अंगठ्याने बटण दाबा. इंजिनलाही बरं आणि शेजाऱ्याच्या छातीलाही.

आता प्रश्न घेऊ.