टवक्याचा इतिहास : कल्हई, ड्युको आणि मोटारीचा रंग (धागा)

१/ नाशिकहून मुंबईस मोटारीने जाऊन आले की दुसऱ्या दिवशी गाडी धुताना बॉनेटच्या पुढच्या कडेवर दोन-तीन बारीक ठिपके दिसतात. पुढे धावणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीने तेथील रंगाचा टवका उडवलेला असतो. ठिपका मुगाच्या दाण्याएवढाही नसतो. तो घरच्या घरी बुजवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी एक होते, आज दुसरे आहे. हा बदल कसा झाला, याचा हा धागा.

२/ आधी शब्द. रंगाच्या इजेसाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांचा भेद शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. 'ओरखडा' म्हणजे पृष्ठभागावर ओढलेली रेघ. 'पोपडा' म्हणजे आतून पकड सुटल्यामुळे फुगून निघालेला रंग. त्याचे कारण ओल किंवा गंज. 'टवका' मात्र बाहेरच्या आघाताने उडतो. पोपड्याचा दोष आत असतो, टवक्याचा बाहेर. म्हणून वेळीच पाहिलेला टवका सहज दुरुस्त होतो. दुर्लक्षिलेला टवका पुढे पोपडा होतो आणि मग काम घरचे राहत नाही.

३/ मोटार येण्याच्या कितीतरी आधी नाशिककरांना पातळ संरक्षक थराचे गणित ठाऊक होते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे शहर प्रसिद्ध. जुन्या गावातली तांबट लेन त्याच व्यवसायाचे नाव आजही धारण करते. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवायची तर आत कल्हई हवी. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे घरोघरी माहीत होते. 'कळकणे' हे क्रियापदच या अनुभवातून भाषेत रुळले.

४/ कल्हईची कृती अशी : भांडे घासून स्वच्छ करायचे, भट्टीवर तापवायचे, नवसागर टाकून धातूवरचा मळ काढायचा, कथिल लावायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र फिरवायचे. यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. कथिल सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे नवे कथिल उरलेल्या जुन्या कथिलात मिसळून एकजीव होते. जुना आणि नवा थर यांच्यामध्ये सांधा उरत नाही. दुरुस्ती दिसत नाही, कारण ती वेगळी राहतच नाही.

५/ आता मोटारी. पहिल्या मोटारींना घोडागाड्यांचाच रंग असे : तेलाचा रंग आणि त्यावर व्हार्निश. ब्रशने एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा हात. एका गाडीच्या रंगकामास कित्येक आठवडे लागत. यंत्रांनी गाडी झपाट्याने तयार होई आणि रंगासाठी गोदामात अडकून पडे. फोर्ड कंपनीने १९१४ पासून १९२५ पर्यंत 'मॉडेल टी' केवळ काळ्या रंगात दिली. डांबरी घटकांचा तो काळा रंग भट्टीत भाजून लवकर पक्का करता येई. उत्पादनाच्या वेगाशी जुळेल असे इतर रंग तेव्हा नव्हते.

६/ कोंडी फोडली ती बारुदाच्या रसायनाने. नायट्रोसेल्युलोज हा धूररहित बारुदाचा मुख्य घटक. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीने तो प्रचंड प्रमाणात बनवला. युद्ध संपल्यावर त्याचे करायचे काय, हा प्रश्न होता. १९२० च्या सुमारास कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना असे नायट्रोसेल्युलोज मिळाले, की द्रावण दाट असूनही पातळ वाहते आणि फवारता येते. त्यातून 'ड्युको' हे लॅकर तयार झाले. १९२४ सालासाठीच्या 'ओकलंड' मोटारी निळ्या ड्युकोत रंगवून बाजारात आल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि मोटार रंगीत झाली.

७/ 'लॅकर' या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'लाक्षा', त्यावरून 'लाख'. झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख भारतातून पश्चिमेकडे गेली आणि तिच्याबरोबर शब्दही गेला. अरबी, पोर्तुगीज, फ्रेंच असे मुक्काम करत तो इंग्रजीत पोहोचला. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चमकणारी लाख आणि गॅरेजमधला लॅकर हे नावाने एकाच कुळातले. मात्र ड्युकोत लाखेचा कणही नाही. शब्द परत आला, वस्तू वेगळीच आली.

८/ ड्युकोचा एक गुण टवक्याच्या इतिहासात निर्णायक ठरतो. हा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो. वाळताना त्यात रासायनिक बदल होत नाही. म्हणून वर्षांनंतरही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. टवक्यात नवा थेंब सोडला की त्याची कड जुन्या रंगात विरघळून मिसळते. कल्हईत उष्णतेने जे घडते, तेच येथे द्रावकाने घडते. लहान डब्यांतून ब्रशने लावायचे ड्युको घरगुती वापरासाठीही विकले गेले. मोटारमालकाच्या हाती दुरुस्ती आली ती अशी.

९/ भारतात या गुणाला विशेष महत्त्व आले, कारण येथे मोटार दुर्मिळ होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. नाशिक जिल्ह्यातील रावळगावची साखर ज्या उद्योजकामुळे प्रसिद्ध झाली, तेच हे वालचंद. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या; हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर १९५७ पासून आली. परवाने आणि मर्यादित उत्पादन यांमुळे नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळालेली गाडी मग पंधरा-वीस वर्षे टिकवायची, हे ओघानेच आले.

१०/ याच काळात 'ड्युको' हे विशेषनाम सामान्यनाम झाले. लोखंडी कपाटाला ड्युको, स्कूटरला ड्युको, फर्निचरलाही ड्युको. डबा कोणत्याही कंपनीचा असो, फवारून लगेच वाळणारा चकचकीत रंग म्हणजे ड्युको, असा अर्थ रूढ झाला. पेंटरचा एक नियमही त्यातूनच आला : भर पावसात ड्युको मारायचा नाही. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर साकळते आणि रंग पांढुरका पडतो. जून ते सप्टेंबर रंगकाम टाळण्यामागे आळस नव्हता, भौतिकशास्त्र होते.

११/ ड्युकोचे दोषही मोठे होते. उन्हात तो निस्तेज होई, सतत पॉलिश मागे, तडकेही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांनी हळूहळू दुसरी वाट धरली. भट्टीत भाजल्यावर ज्यांचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात, असे रंग आले. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने अस्तर बसवण्याची पद्धत विकसित केली. संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवायचा आणि विजेच्या जोरावर रंग कानाकोपऱ्यात पोहोचवायचा. १९८० च्या दशकात रंगाच्या थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्वत्र पसरली.

१२/ नाशिक या कथेत शिरते ते याच टप्प्यावर. महिंद्र कंपनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीप जोडत होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी सातपूर परिसरात तिचा वाहन कारखाना उभा राहिला. २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ याच शहरात तयार होऊ लागली. भांड्याला कल्हई करणाऱ्यांचे गाव आता मोटारीच्या पत्र्याला रंग देणारेही झाले. तांबट लेन ते सातपूर हे अंतर काही किलोमीटरचे. दोन्हीकडचा मूळ प्रश्न मात्र एकच : धातू आणि हवा-पाणी यांच्यामध्ये पातळ पडदा कसा धरायचा?

१३/ आजच्या मोटारीवरचा हा पडदा साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढा. सर्वांत खाली पत्रा, त्यावर विजेने बसवलेले अस्तर, मग दुसरे अस्तर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर. विशेष म्हणजे डोळ्याला दिसणारा रंगाचा थर बहुधा सर्वांत पातळांपैकी एक असतो. कारखान्यात वरचे थर सुमारे १४० अंशांना भाजले जातात. एवढी उष्णता तयार गाडीला देता येत नाही. काच, रबर, तारा, आसने सगळेच बिघडेल.

१४/ येथे इतिहासाचा पेच आहे. नवा रंग जुन्यापेक्षा कितीतरी टिकाऊ, पण तो थिनरने विरघळत नाही. टवक्यात सोडलेला नवा थेंब जुन्याच्या शेजारी बसतो, त्याच्यात मिसळत नाही. कल्हई वितळून एकजीव होई, ड्युको विरघळून एकजीव होई. आजचा रंग एकजीव होतच नाही. टिकाऊपणा मिळाला तो दुरुस्तीची सुलभता देऊन. घरच्या दुरुस्तीचा अर्थही त्यामुळे बदलला. तिचे पहिले काम आता टवका अदृश्य करणे हे नसून पत्रा झाकणे हे आहे.

१५/ पत्रा झाकणे इतके आवश्यक का? लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाले की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो टवक्याच्या कडेखाली शिरून शेजारचा रंग उचलतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर जस्त स्वतः झिजून काही काळ लोखंड वाचवते. साधा रंग असा त्याग करत नाही. मुंबईला जाणाऱ्या अनेक गाड्या इगतपुरी आणि कसारा घाट ओलांडतात. नाशिक शहराच्या कितीतरी पट पाऊस तेथे पडतो. मे महिन्यातला टवका म्हणूनच जूनपूर्वी झाकलेला बरा.

१६/ दुरुस्तीची सुरुवात निदानाने होते, आणि येथे उत्खननाची आठवण येणे स्वाभाविक आहे. १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. खड्ड्याच्या भिंतीत एकावर एक थर वाचून त्यांनी वस्तीचा क्रम लावला. टवका हाही एक लहानसा खड्डाच. भिंगातून पाहिले की थर दिसतात. केवळ पारदर्शक थर दुखावला असेल तर पॉलिश पुरते. करडे किंवा काळे अस्तर दिसत असेल तर धातू अजून सुरक्षित आहे. चमकता पत्रा किंवा तपकिरी ठिपका दिसला, तर विलंब परवडणारा नाही. बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो. तेथे गंजाचा प्रश्नच नाही.

१७/ कृती कल्हईच्या क्रमानेच चालते : आधी स्वच्छता. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. मेण आणि तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरचा छोटा तुकडा काडीच्या टोकास लावून फक्त टवक्याच्या आत घासावे; शेजारचा चांगला रंग घासू नये. पत्रा उघडा असेल तर अस्तराचा अतिशय पातळ हात द्यावा आणि वाळू द्यावा. अस्तर गाळले तर वरचा रंग लवकरच सुटतो. नवसागर न टाकता कल्हई करण्यासारखेच ते होय.

१८/ रंग मात्र नेमका हवा. 'पांढरा' म्हणून चालत नाही. प्रत्येक छटेला कंपनीचा सांकेतिक क्रमांक असतो आणि तो बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. बारीक ब्रशने किंवा टोकदार काडीने थेंब सोडावा. एका जाड थेंबापेक्षा तीन-चार पातळ हात चांगले, कारण जाड थेंब वरून वाळतो आणि आत ओला राहून नंतर आकसतो. शेवटी पारदर्शक थर, किंचित वर येईल इतका. काही दिवसांनी २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने तो समतल करावा आणि मग पॉलिश करावे. भर उन्हात किंवा दमट हवेत हे काम करू नये.

१९/ मर्यादाही ओळखाव्यात. मेटॅलिक रंगात धातूचे सूक्ष्म कण असतात. फवाऱ्यात ते एका रीतीने बसतात, ब्रशने दुसऱ्या. त्यामुळे जवळून पाहिले तर ठिपका कळणारच. थिनर आणि लॅकर ज्वालाग्राही असल्याने देवघराच्या समईपासून किंवा गॅसच्या शेगडीपासून दूर, मोकळ्या हवेत काम करावे. हार्डनर मिसळून फवारायच्या रंगांत आयसोसायनेट असतात. ते श्वसनास घातक असल्याने घरी फवारू नयेत. आणि टवक्याभोवती रंग फुगला असेल, तर तो पोपडा आहे. तेथे डेंटिंग-पेंटिंगवालाच हवा.

२०/ जुन्या मोटारींचे जाणकार मूळ रंगाला फार मान देतात. नव्याने रंगवलेली गाडी अधिक देखणी असते, पण तिच्यावरचा कारखान्याचा मूळ थर कायमचा गेलेला असतो. चार टवक्यांसाठी संपूर्ण बॉनेट खरवडून रंगवले, तर हेच होते. काडीच्या टोकाने झाकलेला टवका जवळून दिसतो खरा, परंतु त्याच्याभोवतीचा सगळा मूळ रंग जागेवर राहतो. वास्तू आणि मूर्ती यांच्या जतनातही हाच विवेक सांगितला जातो : आवश्यक तेवढेच करावे आणि जे टिकून आहे त्याला हात लावू नये. मुगाच्या दाण्याएवढ्या ठिपक्यासाठीही तो पुरेसा आहे.

(धागा समाप्त)