फाटलेल्या आवाजाची बखर

लाउडस्पीकरचा कर्णा ज्याने ऐकला आहे, त्याला ‘आवाज फाटला’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. राजगडाच्या पायथ्याच्या आमच्या गुंजवण्यात लग्नसराईला मांडवाच्या खांबावर कर्णा चढतो. पहिली दहा मिनिटे गाणे गाण्यासारखे लागते. मग कुणीतरी हौशी पाहुणा मशीनची कळ शेवटापर्यंत पिळतो आणि गाण्याला एकदम काटे फुटतात. म्हातारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. पोरे मात्र त्याच क्षणी नाचायला उठतात. गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत जगाच्या संगीतात जी एक मोठी उलथापालथ झाली, ती या नाचणाऱ्या पोरांच्या बाजूने झाली. तिची ही थोडीशी बखर.

आवाज मोठा करण्याची विद्या तशी अलीकडची. १९०४ साली लंडनमध्ये फ्लेमिंगने काचेच्या निर्वात नळीत तापलेली तार बसवून पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्या नळीत मध्ये एक बारीक जाळी घातली. ही जाळी म्हणजे पाटाच्या तोंडावरची फळी समजा. फळी बोटभर हलवली तरी पाटातले पाणी केवढे तरी कमीजास्त होते. तशी जाळीवरची दुबळी लहर नळीतल्या भल्या प्रवाहाला नाचवते. दुबळ्याचे बळकट झाले! आमच्या आजोबांच्या पिढीने पुणे आकाशवाणी ऐकली ती याच नळ्यांच्या रेडिओवर. १९५३ च्या २ ऑक्टोबरला ते केंद्र सुरू झाले. बटण फिरवल्यावर दिवे तापेपर्यंत थांबायचे, आणि मग दुरून कुणी चालत यावे तसा आवाज यायचा.

पण पाटाला काठ असतात. जाळीवर झेपेल त्याहून मोठी लहर आली की नळीतला प्रवाह तिच्याबरोबर वाढू शकत नाही. लहरीचे टोकदार शेंडे दाबले जातात, चपटे होतात. मॅट्रिकला लहरींच्या धड्यात वाचलेली एकच गोष्ट इथे आठवावी लागते : लहरीचा आकार बदलला की तिच्यात नवे उपस्वर जन्माला येतात. मूळ गाण्यात नसलेले स्वर यंत्र आपल्या पदरचे घालते. त्यालाच आपण फाटणे म्हणतो. नळीची खुबी अशी की ती एकदम कापत नाही, हळूहळू दाबते. म्हणून तिचे फाटणे कानाला बोचण्याऐवजी भरल्या गळ्यासारखे वाटते.

इंजिनियर लोक या दोषाशी वर्षानुवर्षे झगडत होते. त्याला गुणाची पदवी मिळाली ती अपघाताने. १९५१ साली मेम्फिस शहरात ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण व्हायचे होते. गिटारवाल्या विली किझार्टचा अँप्लिफायर वाटेत बिघडला. कुणी म्हणतात मोटारीवरून पडला, कुणी म्हणतात पावसात भिजला. कर्ण्यात कागद कोंबून वेळ मारून नेली, आणि ती घरघर लोकांना आवडली. पुढे नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या वेळी ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा एक भाग बिघडून ग्रेडी मार्टिनच्या वाद्यातून भलताच गुरगुराट निघाला. तिथला तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी हुशार. त्याने तो बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम एका पेटीत बसवला. १९६२ साली ‘फझ-टोन’ नावाने ती पेटी बाजारात आली. पायाने दाबायची म्हणून पेडल. १९६४ साली इंग्लंडात डेव्ह डेव्हिस या पोरसवदा वादकाने तर आपल्या स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला. आमच्याकडे असे कुणी केले असते तर मांडववाल्याने त्याला खांबालाच बांधला असता.

आता वाचक म्हणतील, हे सगळे साहेबांचे वेड. तसे नाही. आपला तंबोरा घ्या. त्याची घोडी रुंद, किंचित उताराची. तार तिच्या पाठीला घासत कंप पावते आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवला की स्वराला झंकाराची झालर येते. हीच जवारी. घासणे हा खरे तर तारेच्या मार्गातला अडथळा. पण तो नेमका बसला की एका तारेतून स्वरांचा पिसारा उलगडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. जिथे तार छेडावी तिथे ज्या उपस्वरांचे निष्पंद पडतात ते उपस्वर निघूच नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम; वीणा आणि तंबोरा तो बेलाशक मोडतात, असे त्यांनी दाखवून दिले. नळीचे दाबणे आणि घोडीचे घासणे या गोष्टी वेगळ्या आहेत, हे कबूल. पण शुद्ध स्वरावर मुद्दाम एक संस्कार करून तो भरदार करायचा, ही हौस आपल्याला युरोपीयांकडून शिकावी लागली नाही.

या विद्येची पंढरी म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथले फरीदसाहेब, घराण्याचा धंदा शिकलगाराचा, हत्यारांना धार लावण्याचा. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांनी सतार-तंबोऱ्याची दुरुस्ती आणि मग बांधणी सुरू केली, आणि घराण्याचे नावच सतारमेकर झाले. भोपळे येतात ते पंढरपूरकडचे. कानस फिरवून जवारी काढणारा कारागीर मोजपट्टी वापरत नाही. घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तरवारीची धार आणि स्वराची धार एकाच हाताला कळावी, याचे मला फार कौतुक वाटते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, ते तंबोरा जुळवण्याबाबत किती काटेकोर होते याच्या गोष्टी गाणाऱ्या मंडळींत अजून सांगतात.

पुन्हा नळीकडे येऊ. १९६२ साली लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात जे अँप्लिफायर बनू लागले, त्यांनी गिटारचा आवाज कायमचा बदलला. पुढे अमेरिकेत रँडल स्मिथने एका नळीचा आवाज दुसरीत, दुसरीचा तिसरीत असा जिन्याजिन्याने चढवला. प्रत्येक पायरीवर थोडेथोडे दाबत गेले की स्वर लोण्यासारखा लांबतो, तुटत नाही. अडचण एवढीच की मोठ्या नळ्यांना खरा घाम फुटतो तो आवाज पुरा चढवल्यावर. शंभर वॅटचे ते धूड पुण्याच्या चाळीत वाजवले तर शेजारी पोलीसच बोलावतील. किंमत, वजन आणि दर काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या नळ्या वेगळ्याच. त्या नळ्याही आता रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या देशांतच होतात.

हे सारे मला शिकावे लागले ते एका तंट्यामुळे. माझा एक जुना विद्यार्थी कारखान्यात नोकरी करतो आणि गिटार वाजवतो. त्याने पगारातून तीन पेडले घेतली. त्याचे वडील हलगीवाले, यात्रेत त्यांची हलगी मानाची. ते तडक माझ्याकडे आले. “गुरुजी, ह्या डब्यांच्या पैशात दुभती शेळी आली असती. तुम्हीच सांगा त्याला.” त्यांच्या मते पोरगा पैसे देऊन बिघाड विकत घेत होता. तक्रार अगदीच खोटी म्हणता येईना.

संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो. पोराने पेडले मांडली. पहिले जपानी ‘ट्यूब स्क्रीमर’. हे १९७९ साली निघाले. त्याच्या पोटात दोन डायोड उलटसुलट जोडून लहरीचे शेंडे नळीसारखे हळूच दाबायची युक्ती आहे. सुमारे ७२० आवर्तनांच्या खालचे स्वर ते कमी वाढवते. “का रे?” मी विचारले. “गुरुजी, खर्ज आधी आवरला नाही तर पुढं नुसता चिखल होतो.” मग दुसरे पेडल, जरा जास्त तापट. एकाच पेडलची कळ शेवटापर्यंत पिळायची नाही. दोघांनी मिळून अर्धे अर्धे ओझे वाहायचे. हाच तो रँडल स्मिथचा जिना. आणि शेवटची डबी बारा इंची स्पीकरची नक्कल करणारी. असा स्पीकर पाच हजार आवर्तनांच्या वर फारसे काही ऐकवत नाही. ती डबी काढून त्याने ऐकवले तेव्हा कानात माश्या घोंगावल्या. परत लावली आणि मार्शलचा तो ढोला आवाज हेडफोनात उभा राहिला. खऱ्या नळीची बोटांना जाणवणारी लवचीक त्यात थोडी कमी आहे, असे पोरगाच म्हणाला. ते मला आवडले.

नक्कल आली की मूळ मरते का, ही माझी खरी धास्ती. १९७९ सालीच बंगळूरला जी. राज नारायण या इंजिनियरने इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. घरोघर रियाज त्यावर, आता तर मोबाइलवर, होतो. मिरजेच्या कारागिराच्या पोटावर त्याचा पाय पडत नाही असे कोण म्हणेल? पण पेटीवर शिकलेला गवई मैफलीत बसतो तेव्हा पाठीमागे दोन खरे तंबोरे हवेतच म्हणतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मानांकनाने कानस धरणारे हात तयार होत नाहीत. ते पोरांना शेजारी बसवूनच होतात, आणि पोरे बसतील ती पोटापुरते मिळाले तर.

इकडे हलगीवाल्यांनी हेडफोन कानाला लावून घेतला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “हलगी शेकल्याबिगर बोलत न्हाई, तसंच हे.” पोराचा चेहरा उजळला. तेवढ्यात, पावसाळ्यात आमच्याकडे जाते तशी, वीज गेली.

“घ्या,” म्हातारा अंधारात म्हणाला, “गेलं का तुझं सगळं?”

“न्हाई आबा,” पोरगा म्हणाला, “ह्यात नऊ व्होल्टची बॅटरी हाय.” आणि तो वाजवत राहिला.